भट्टीतला कापूस

दिवाळीनंतर कापसाचा वेचा सुरू झाला की आमच्या घरात माणसांना जागा उरत नसे. आधी कोठीची खोली भरायची, मग माजघराचा अर्धा भाग, मग दादाच्या खोलीचा कोपरा, आणि आम्ही आपली अंथरुणं उचलत उचलत दाराकडे सरकत जायचो. संक्रांतीपर्यंत सगळं घर ओसरीवर आलेलं असायचं. भाव चढेपर्यंत कापूस घरातच ठेवायचा, ही आमच्याकडची रीत. वरणात रुई, भाकरीवर रुई, आईच्या केसांत रुई. जेवताना तोंडातून एखादा तंतू ओढून काढणं आम्हाला इतकं सवयीचं होतं की नागपूरच्या वसतिगृहात पहिल्यांदा जेवताना काहीतरी चुकतंय असं मला वाटत राहिलं. आणखी एक गोष्ट शहरातल्या माणसाला सांगून पटत नाही. कापूस आवाज खातो. भरलेल्या घरात आई स्वयंपाकघरातून हाक मारायची ती ओसरीपर्यंत पोचायचीच नाही. त्यामुळे त्या दिवसांत आम्ही सगळेच ओरडून बोलायचो आणि पाहुण्यांना वाटायचं, यांच्या घरात रोज भांडणं होतात.

मी जात्याच भित्री. लहानपणी विजेला भ्यायचे, विहिरीला भ्यायचे, बैलांना तर भ्यायचेच, आणि शेतकऱ्याच्या पोरीनं बैलांना भ्यावं यावर राळेगावच्या बाजारापर्यंत थट्टा व्हायची. अशा मुलीनं घरं बांधायचं शिक्षण घ्यावं, आणि तीही सिमेंट-लोखंडावाचून, मातीची, याचं आज माझं मलाच हसू येतं. पण उन्हाळ्यात आमच्याकडच्या स्लॅबखाली झोपून पाहावं. रात्रभर तवा अंगावर धरल्यासारखं होतं. आमच्या शेजाऱ्यांनी हौसेनं स्लॅब टाकला आणि त्या वर्षापासून त्यांचं सगळं खटलं चैत्र-वैशाख आमच्या कडुलिंबाखाली काढू लागलं. ते पाहून माझ्या डोक्यात जे शिरलं ते पुढे आयुष्यभर निघालं नाही.

दादाचं लग्न ठरलं आणि घरामागच्या सांदवाडीत नवी खोली काढायची ठरली. बाबांच्या मनात स्लॅब होता. मी तेव्हा शिक्षण संपवून नुकतीच घरी आले होते. मी म्हटलं, मी बांधते, कच्च्या विटांची, वर मातीचंच गोल छत, बैलांच्या दमणीच्या टपासारखं. बाबांनी बराच वेळ तंबाखू मळली. मग एवढंच विचारलं, पडली तर? मी म्हटलं, नाही पडणार. "मंग बांध," ते म्हणाले आणि उठून गोठ्यात गेले. त्यांनी वाद घातला असता तर बरं झालं असतं. वादात माणूस तावातावानं बोलतो, त्याला भीती वाटायला सवड मिळत नाही. बाबांनी विश्वास टाकला आणि त्या दिवसापासून माझी झोप गेली.

उन्हाळाभर काम चाललं. खोली उभी राहिली तशी गावानं तिचं बारसंही करून टाकलं. गोल पाठीची, मातकट, लहानशा खिडक्यांची ती खोली दिसायचीही विटांच्या भट्टीसारखीच, त्यामुळे पानठेल्यावर तिला भट्टी म्हणू लागले. पाटलाच्या पोरीनं बापाले भट्टी बांधून देली, असं बाबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलायचे. बाबा म्हणायचे, कच्चं राहण्यापेक्षा भट्टीत गेलेलं बरं, आणि पान तोंडात टाकून घरी यायचे. घरी आल्यावर मात्र माझ्याकडे न बघता भट्टीभोवती एक फेरी मारायचे.

पावसाळ्यात तर मी वेडीच झाले होते. पाऊस थांबला की भिंत झुकली का ते बघायला ओळंबा घेऊन भिंतींशी. आमच्याकडची काळी माती पाण्यानं फुगते आणि उन्हानं भेगाळते, तिच्यावर घर उभं करणं म्हणजे झोपलेल्या म्हशीच्या पाठीवर बसणं. म्हणून मुरूम लागेपर्यंत पाया नेला होता, छतावर चुना घोटून घोटून दिला होता. तरी झड लागली की रात्रीसुद्धा उठून भिंतींना हात लावून यायचे. पण भिंत हलली नाही. पोळ्याला दादा-वहिनी त्या खोलीत राहायला गेले. वहिनी उमरखेडकडची, बोलायला कमी, सासरी अजून बुजलेली. तिनं पहिल्या दिवशी भिंतीला गाल लावला आणि म्हणाली, गार आहे. माझ्या कामाचं मला मिळालेलं ते पहिलं कौतुक. पुढे सत्कार झाले, शाली मिळाल्या, त्यातली एकही शाल त्या गालाच्या तोडीची नव्हती. मी निश्चिंत झाले, नागपूरला एका कार्यालयात नोकरीला लागले, आणि दिवसभर दुसऱ्यांच्या स्लॅबचे नकाशे काढू लागले.

संक्रांत झाल्यावर सुटी काढून घरी आले. आईनं ताज्या सोल्यांची वांग्यातली भाजी केली होती, तुरीच्या हिरव्या दाण्यांचा तो वास अंगणातूनच येत होता. ओसरीवर दादा-वहिनीची अंथरुणं गुंडाळून ठेवलेली दिसली. जेवायला बसल्यावर मी विचारलं, अंथरुणं इथे का? आई ओरडून म्हणाली की यंदा कापूस बख्खळ झाला, कोठी पुरली नाही, दादानं भट्टी भरली. भरली म्हणजे कशी, ते मला ठाऊक होतं. कापूस नुसता टाकत नाहीत. दोघे-तिघे आत उतरतात आणि तो पायांनी तुडवतात, वरून आणखी टाकतात, पुन्हा तुडवतात. शेवटी दारातून जागा उरत नाही तेव्हा वरच्या झरोक्यातून कोंबतात. माझ्या हातातला घास हातातच राहिला.

गोल छताचा स्वभाव असा की ते दोन्ही बाजूंच्या भिंतींना बाहेर ढकलत असतं. भिंती जाड करायच्या त्या त्यासाठीच. वारा, पाऊस, काळी माती या सगळ्यांचा हिशेब मी केला होता. माणसं पायांनी तुडवून कापूस भरतील आणि तोही आतून भिंतीला रेटेल, हे माझ्या कुठल्याच गणितात नव्हतं. जन्मभर कापसात लोळलेली मी, आणि घर बांधताना तो एक विसरले. आता मी कोणाचंही घर करायला घेतलं की पहिल्या भेटीत विचारते, या घरात तुम्ही काय काय कोंबणार? लोकांना वाटतं बाई जरा फटकळ आहेत.

हात न धुताच मी सांदवाडीत गेले. ओळंब्याची गरज नव्हती. गोठ्याकडची लांब भिंत मधोमध पोट सुटल्यासारखी बाहेर आली होती. छताच्या चुन्यावर, अगदी माथ्यावरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर गेली होती. आणि मी बघत असतानाच आतून आवाज आला, टक्. सुपारी फोडावी एवढाच. कोणाला तरी हाक मारावी म्हणून वळले तर झरोक्याला शिडी लावलेली दिसली आणि तिच्याखाली वहिनीच्या चपला.

वहिनीला दिवस गेले होते. घरात माणसं फार, एकांत कुठे नाही, म्हणून दुपारी ती झरोक्यातून कापसावर चढून झोपायची, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच कळत होतं की त्या चिरेखाली ती आणि तिचं बाळ निजलेलं आहे. मी शिडीवर चढले. झरोक्याच्या आत, कापूस आणि छत यांच्यामध्ये माणूस मावेल एवढी खोबण होती, तिथे ती कुशीवर, तोंडाशी हात घेऊन झोपली होती. त्यापलीकडे छत कापसावर टेकलेलं होतं. मी हळूच हाक मारली, कापसानं ती गिळून टाकली. मोठ्यानं मारायची हिंमत होईना. शेवटी हात लांब करून तिचा पाय हलवला आणि तिनं डोळे उघडल्यावर, जमेल तेवढं हसत, म्हटलं, "वहिनी, उठून बसू नका. अशाच सरकत सरकत माझ्याकडे या."

ती आली. का म्हणून विचारलं नाही, माझा चेहराच सांगत असावा. शिडीवरून उतरल्यावर मी तिचा हात धरून तिला भिंतीपासून लांब नेलं. मी विचारलं, आतून आवाज येतो तो तुम्ही ऐकला नाही का? "येतो की," ती म्हणाली, "आठ-पंधरा दिस झाले. मला वाटलं मातीचं घर बोलत असंल. सोबत वाटायची." या गोष्टीला इतकी वर्षं झाली, तरी ते वाक्य आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

ओसरीवर सगळे जमले. मी सांगितलं ते असं, की भिंत बाहेर गेलीय, त्यामुळे छत खाली बसलंय आणि ते आता कापसावर टेकून आहे. ज्या कापसानं भिंत ढकलली त्यानंच छत धरून ठेवलंय. काढला तर छत काढणाऱ्याच्या अंगावर, ठेवला तर भिंत जाईल आणि मग सगळंच खाली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. दादा चिडला. दुसऱ्या दिवशी कापूस न्यायला गाडी येणार होती, माणसं सांगून ठेवली होती, सगळ्या वर्षाचं पीक आत होतं. मातीच्या नादी लागून घर बुडवलं, असं तो म्हणाला, आणखीही बरंच म्हणाला. बाबांनी त्याला हातानं थांबवलं.

"कुंदे, खरं सांग. आत गेलेलं मानूस मरते का?"

"मरू शकते, बाबा."

"मंग कोनी नाई जात. कापूस गेला तं गेला."

हे ऐकल्यावर मला रडू यायला हवं होतं, पण भीतीनं डोळे कोरडे पडले होते. मी म्हटलं, एक उपाय आहे. बाहेरून भिंतीला मातीची पोती रचायची, टेकू म्हणून लाकडी बल्ल्या लावायच्या. मग दारातून थोडा थोडा कापूस काढायचा आणि जेवढी जागा होईल तेवढ्यात, छत बांधताना वापरलेल्या लाकडी कमानी पुन्हा उभ्या करायच्या. त्या कमानी गोठ्यात पडल्या होत्या, कोंबड्या त्यांच्यावर बसायच्या. पण कमान कुठे टेकवायची, पाचर किती मारायची, हे आत जाणाऱ्याला कळायला हवं. म्हणून आत मी जाणार. हे मी बोलले खरी, आणि बोलल्याबरोबर वाटलं, कोणीतरी नाही म्हणावं. कोणीच म्हणालं नाही. बाबा जमिनीकडे बघत राहिले. आई उठून आत गेली.

सकाळी पोती रचून झाली, गाडी माघारी पाठवली. मी दाराशी गेले तेव्हा आई भात शिजवायचा ॲल्युमिनियमचा गंज घेऊन आली. तिनं तो माझ्या डोक्यावर उपडा घातला, आणि जुन्या लुगड्याची चिंधी फाडून हनुवटीखाली घट्ट बांधला. कुंपणापलीकडे अर्धा गाव उभा होता. दुसरा कोणता दिवस असता तर हसून हसून मेले असते, पण कोणी हसलं नाही. बाबा उंबऱ्यावर बसले, डोक्यावर छत येईल असे. मी म्हटलं, तुम्ही बाहेर व्हा. ते म्हणाले, "तू आत हायस तोवर मी अठीच. कापसात तुले भिंतीचा आवाज आयकू येत नाई. मी आयकतो. मी बोलत राह्यलो म्हनजे सारं ठीक. मी चूप झालो की भायेर ये."

बाबा मुळात अबोल माणूस. त्या दिवशी ते किती बोलले असतील. मी कापसाचे बुचके उपसून मागे सारत होते, बाबा ते दादाकडे देत होते आणि बोलत होते. कोणत्या सालातला कोणता बैल कसा होता, कोणाला जुवानं सुजून खांदा आला होता, कोण पाण्याला बुजायचा. माझ्या आत्याच्या लग्नात वरण कसं कमी पडलं. कानावर गंज, चहूकडे कापूस, त्यातून त्यांचा आवाज लांबून विहिरीतून आल्यासारखा यायचा. एक कमान उभी केली, पाचर मारली. प्रत्येक ठोक्याला डोळे मिटत होते. वर छताच्या विटा इतक्या जवळ होत्या की माझा श्वास त्यांना लागत होता. मी भिजले होते, नाकातोंडात रुई गेली होती, आणि मनात एकच चाललं होतं, बाबा, बोला. बाबा, थांबू नका.

निम्मा कापूस निघाला असेल. दुसरी कमान आत ओढायची होती. आणि बैलाच्या गोष्टीच्या मधेच बाबांचा आवाज थांबला.

बाहेर ये, असं ठरलं होतं. मला ते कळत होतं. पण पाय हलेनात. भीतीनं माणूस पळतो असं म्हणतात, मी तर दगडासारखी तिथेच बसून राहिले. मग कोणीतरी माझा घोटा धरला आणि मला मागे ओढलं, पालथी, फरफटत. गंज उंबऱ्यावर आपटून ठणकला. मागे धपकन आवाज झाला. धूळ खाली बसल्यावर दिसलं, मी बसले होते तिथल्या कापसात छतातल्या विटा रुतल्या होत्या. बाबांच्या हातात अजून माझा पाय होता. दादा पुढे आला आणि त्यानं मला उचलून बाजूला बसवलं. रात्रीपासून तो माझ्याशी बोलला नव्हता. त्यानं दुसरी कमान खांद्यावर घेतली आणि म्हणाला, कुठं लावायची ते दारातून सांग. मी सांगितलं नाही. मी पुन्हा आत गेले, आणि तो माझ्यामागून आत आला. पहिल्यांदा जाताना काय होईल ते ठाऊक नव्हतं, दुसऱ्यांदा होतं. इतकी भीती मला पुढे कधी वाटली नाही, बाळंतपणातही नाही. बाबा उंबऱ्यावर बसून पुन्हा त्याच बैलाची गोष्ट पहिल्यापासून सांगू लागले.

ऊन उतरायच्या आत खोली मोकळी झाली. कापूस अंगणात ढीग घालून पडला, वर ताडपत्र्या. आत चार भिंती, आणि छताखाली ओळीनं कमानी. लोक आत डोकावून जात होते. दादा म्हणाला, लाकडं अशीच राहू देऊ, छत टिकेल, खोली वापरता येईल. कुंपणापाशीही माना हलल्या. खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं. खोली उभी राहिली असती, माझी अब्रू राहिली असती, आणि मातीचं घर पडलं असं कोणाला म्हणता आलं नसतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना काही विचारायचंच नव्हतं बहुतेक, नुसते बघत होते. माझ्या डोळ्यांसमोर वहिनी आली, कुशीवर झोपलेली, आवाजाची सोबत वाटणारी.

"मले भेव वाटते, बाबा," मी सगळ्यांसमोर म्हटलं. "याच्याखाली कोनी झोपू नये."

"मंग पाडू," बाबा म्हणाले.

कमानींना दोर बांधला, दोर बाहेर काढून बैलांच्या जुवाला जोडला. सगळ्यांना मागे हटवलं. बैल ओढू लागले, पाचरी सुटल्या, लाकडं एकमेकांवर पडत दारातून बाहेर आली. आणि छत उभंच राहिलं. खाली कशाचाही आधार नसताना ते उभं होतं. कोणीतरी म्हणालं, अरे, हाय की. माझ्या मनात वेडी आशा आली, कदाचित माझंच भ्याड मन चुकलं असेल. तेवढ्यात माथ्यावरची चीर रुंद झाली, पोट सुटलेली भिंत हळूच बाहेर झुकली, आणि सगळं खाली गेलं. आवाज फार मोठा नव्हता. धूळ मात्र कडुलिंबाच्या शेंड्यापर्यंत गेली. वहिनीनं पदर तोंडाशी धरला होता, दुसरा हात पोटावर होता. मी तिच्याकडे बघू शकले नाही. आता कोणीतरी भट्टीचा विनोद करेल, याची मी वाट बघत होते. कोणी केला नाही. लोक एकेक करत निघून गेले, आणि ते हसण्याहून वाईट होतं. मला वाटलं, संपलं. आपण आता जन्मभर कोणाच्या तरी कार्यालयात बसून स्लॅबचे नकाशे काढायचे.

धूळ बसल्यावर बाबा ढिगाऱ्यात शिरले. एक फुटकी वीट उचलली, मुठीत चुरली, बियाणं बघावं तशी तळहातावर पसरून पाहिली. मग दादाला म्हणाले, पाणी आण. दादा घागर घेऊन आला. बाबांनी ढिगाऱ्याला पायानं आळं केलं आणि त्यात पाणी ओतायला लावलं. माती पाणी प्यायला लागली तसा तिचा वास सुटला. सिमेंट असतं तर उचलून नाल्यात टाकावं लागलं असतं, असं ते दादाला म्हणाले, माझ्याकडे पाठ करून. मी तिथेच खाली बसले आणि मग मला रडू फुटलं, आदल्या दिवसापासूनचं सगळं. बाबांनी रडू दिलं. घागर रिकामी झाल्यावर ते माझ्याकडे वळले.

"आता भीत भीतच बांध," ते म्हणाले. "अन् भिंत जाड घे. आमी त्यात कापूस भरूच."